एकेचाळीस अंडी

मुले संगणकावर खेळणारच असतील, तर निदान स्वतः बनवलेला खेळ तरी खेळू देत, अशा विचाराने सरांनी आपल्या पुढच्या खोलीत सुट्टीचा वर्ग सुरू केला. इमारतीतल्या बाकीच्या मोठ्या माणसांचे म्हणणे असे होते की, जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने सकाळी फिरायला जावे, दुपारी झोपावे आणि संध्याकाळी पुन्हा फिरायला जावे. सरांना फिरायचा कंटाळा होता आणि दुपारी झोप येत नसे. शिवाय कुणाला काही शिकवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. सरांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, याचा जुना अनुभव होता. समोर मुले नसली की सर त्यांनाच अपूर्णांक समजावून सांगू लागत. म्हणून वर्गाला काकूंचा मनापासून पाठिंबा होता. चपला दाराबाहेर जोडीने काढायच्या, एवढी एकच अट त्यांनी घातली होती.

खेळ साधा होता. वर कोंबडी, खाली टोपली. कोंबडी इकडून तिकडे फिरते आणि अंडी टाकते. आपण बाणांची बटणे दाबून टोपली सरकवायची आणि अंडी झेलायची. तीन अंडी फुटली की खेळ खलास. कोंबडी कुणी काढायची यावरून भांडण झाले, तेव्हा सरांनी ती सगळ्यांना थोडी थोडी वाटून दिली. एकाने चोच काढली, दुसऱ्याने पाय, तिसऱ्याने शेपूट. त्यामुळे ती कोंबडी येणाऱ्या-जाणाऱ्याला किटली वाटे. मुलांना ती कोंबडीच वाटे, आणि सर मुलांच्या बाजूने असत.

सगळे कसे सुरळीत चालले होते. मग एका संध्याकाळी चिमणीने एकेचाळीस अंडी झेलली.

चिमणी म्हणजे तळमजल्यावरच्या विमा एजंटची धाकटी, चौथीतली. तिला एक थोरला भाऊ होता आणि त्याला सगळी इमारत दादा म्हणे. दादा धावण्यात पहिला, वक्तृत्वात पहिला, हस्ताक्षरातही पहिला. त्याच्या ढालींना आणि कपांना जागा व्हावी म्हणून त्यांच्या घरातल्या काचेच्या कपाटातून चहाच्या कपांना बाहेर पडावे लागले होते. चिमणीला आजवर जे काही मिळाले, ते ‘सहभागाबद्दल’ मिळाले होते. त्या कागदांना कपाटात जागा नव्हती. तशी ती मागतही नसे.

त्या संध्याकाळी बाकीची मुले घरी गेली होती. चिमणी पाण्याची बाटली विसरली म्हणून परत आली आणि ‘एकदाच खेळू का?’ म्हणाली. सर शेजारी चष्मा पुसत बसले होते. दहा झाली, वीस झाली. सत्तावीस झाली, तेव्हा त्यांनी चष्मा घातला, कारण सत्तावीस हा वर्गाचा उच्चांक होता आणि तो वकीलबाईंच्या मुलाच्या, कॅप्टनच्या नावावर होता. पुढे सर श्वास घ्यायचे विसरले. एकेचाळिसाव्या अंड्यानंतर तिसरे अंडे फुटले आणि चिमणीने वळून पाहिले. ती हसली नाही. खरेच झाले का, एवढेच तिला विचारायचे होते.

‘उद्या सगळ्यांना दाखवू,’ सर म्हणाले. आणि शिस्तीच्या माणसाप्रमाणे त्यांनी संगणक व्यवस्थित बंद केला, वर झाकण घातले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दाखवण्यासारखे काहीच उरले नव्हते. खेळ नव्याने सुरू झाला आणि कोपऱ्यात शून्य दिसू लागले. तास संपला की फळा पुसतात, तसा खेळ बंद होताच संगणकाने सगळा हिशेब पुसून टाकला होता. कॅप्टनचे सत्तावीसही पुसले गेले होते, पण ते सगळ्या वर्गाने डोळ्यांनी पाहिले होते. एकेचाळीस कुणी पाहिले होते?

‘मी पाहिले,’ सर म्हणाले.

यावर मुलांनी एकमेकांकडे पाहिले. कॅप्टन सभ्य मुलगा. तो खाली मान घालून म्हणाला की, सर, तुम्हीच सांगता, नुसतं उत्तर लिहिलं तर गुण नाहीत, रीत दाखवावी लागते. सरांनी हे वाक्य आयुष्यभरात किती वर्गांना ऐकवले असेल, पण त्याची चव कशी असते ते त्यांना त्या दिवशी कळले.

चिमणी म्हणाली, ‘जाऊ दे सर. असं होतंच.’

ती रडली असती तर सरांना बरे वाटले असते. रडणाऱ्या मुलाला काय सांगायचे ते त्यांना पाठ होते. चौथीतल्या मुलीने साठ वर्षांच्या माणसासारखे ‘असं होतंच’ म्हटल्यावर काय सांगायचे, ते कुठल्याच पुस्तकात नव्हते. तेव्हा सर भर वर्गात शब्द देऊन बसले, की यापुढे या खोलीत कुणाचाही एकही गुण हरवणार नाही.

काकूंनी आतून विचारले, ‘अहो, पण ते कसं करायचं ते येतं का तुम्हाला?’

येत नव्हते. पण शिकायला किती वेळ लागतो? सर दुपारभर वाचत बसले आणि संध्याकाळी त्यांनी मुलांना टेक्स्ट फाइल म्हणजे काय ते समजावले. खेळाची आठवण म्हणजे फळा. टेक्स्ट फाइल म्हणजे दगडावर कोरलेला लेख. खेळ संपला की संगणक खेळाडूचे नाव आणि गुण त्या फाइलीत लिहील आणि दुसऱ्या दिवशी वाचून दाखवील. मुलांनी माना डोलावल्या. सरांनी फाइल उघडायचा हुकूम लिहिला आणि त्याच्या शेवटी, पुस्तकात होते तसे, डब्ल्यू हे अक्षर टाकले.

हा डब्ल्यू मोठा स्वच्छतेचा भोक्ता निघाला. लिहायच्या आधी तो सगळी फाइल धुऊन काढी आणि मग त्या लखलखीत जागेवर एकच नाव लिही. त्यामुळे यादीत नेहमी एकच खेळाडू असे, आणि तो नेहमी पहिला असे. अर्थात जो शेवटी खेळेल तो. हे मुलांच्या लक्षात यायला सरांपेक्षा कमी वेळ लागला. मग कुणी आधी खेळायलाच तयार होईना. ‘तू खेळ ना’, ‘नको, तू आधी’, असा विनय त्या खोलीने पूर्वी कधी पाहिला नव्हता. अंधार पडला तरी मुले संगणकाभोवती हात मागे बांधून उभी होती, आणि दारात आया. काकूंनी बाहेर येऊन दिवे लावले आणि सरांना म्हणाल्या, ‘हा कसला खेळ, ज्यात सगळे थांबलेत?’

सरांनी डब्ल्यूच्या जागी ए टाकला. ए हा संसारी गृहस्थ. आधीचे काही न टाकता खाली नवे लिहीत जाणारा. आता यादी वाढू लागली. पण वाढली तशी ती गर्दी झाली, आणि मुलांना गर्दी नको होती, क्रम हवा होता. सरांनी क्रम लावला. मोठा गुण वर, लहान खाली. खेळ सुरू केला, तर पहिल्या नंबरावर पिल्लू.

पिल्लू म्हणजे बँकवाल्या काकांचा नातू. वय इतके, की बाणाची बटणे कुठली ते त्याला दर वेळी दाखवावे लागे. त्याने नऊ अंडी झेलली होती. त्याच्या खाली आठ अंडीवाली एक मुलगी, आणि त्याच्या खाली पुन्हा सत्तावीस झेललेला कॅप्टन. कारण फाइलीतला आकडा संगणकाच्या लेखी आकडाच नव्हता, नुसते अक्षर होते. शब्दकोशात शब्द लावतात तसे त्याने पहिले अक्षर पाहिले, नऊ दोनपेक्षा मोठा ठरवला आणि तो मोकळा झाला. सरांना चूक लगेच कळली. पण तोवर पिल्लू जिना उतरून घरी पोचला होता.

बँकवाले काका एका बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले आणि इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी. त्यांनी रीतसर वर येऊन पडद्यावर नातवाचे नाव पाहिले, फोनमध्ये त्याचा फोटो काढला आणि परगावच्या दोन मुली, एक साडू, जुन्या शाखेतले सहकारी आणि सगळी इमारत यांना पाठवला. सर सकाळी त्यांच्याकडे चूक सांगायला गेले तेव्हा काका साडूशीच बोलत होते. सरांनी शक्य तितक्या हळुवारपणे सांगितले की नऊ हे सत्तावीसपेक्षा लहान असतात. काकांनी फोन खाली ठेवला. मग म्हणाले, ‘सर, मी चाळीस वर्षं आकड्यांतच काढली. नऊ लहान की मोठे ते मला माहीत आहे. पण लहान पोराचं कौतुक झालं तर कुणाचं काय जात होतं?’

सर घरी आले, आकडे आकड्यांसारखे मोजायला संगणकाला शिकवले आणि पिल्लू पहिल्या नंबरावरून शेवटून दुसऱ्यावर आला. काका लिफ्टमध्ये भेटले की मजल्यांच्या बटणांकडे पाहू लागले.

आणि इथे सरांच्या हातून ते घडले.

सर केवळ शिक्षक नव्हते. परीक्षा मंडळावर ते कितीतरी वर्षे मॉडरेटर होते. दुसऱ्यांनी तपासलेले पेपर पुन्हा पाहायचे आणि काठावर लटकणाऱ्या मुलाला एखादा गुण देऊन वर ओढायचे, हे त्यांचे काम. त्या हाताने पुष्कळ पोरे पार झाली होती. त्या संध्याकाळी फाइल कशी दिसते ते चिमणीला दाखवायला त्यांनी ती उघडली. साधी अक्षरे, साध्या ओळी. कुणालाही वाचता येईल, लिहिताही येईल. पिल्लूच्या नावापुढचा नऊ पाहिला आणि सरांच्या हाताला राहवेना. एका गुणासाठी पोर दोन अंकांत जात नव्हते. त्यांनी नऊ खोडला, दहा लिहिले आणि फाइल जतन केली. डोके मधे आलेच नाही.

चिमणी शेजारी बसून पाहत होती.

‘सर, हे असं हातानं बदलता येतं?’

‘येतं, पण बदलायचं नसतं,’ सर म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचे कान तापले.

‘मग माझे एकेचाळीस लिहा ना.’

सर म्हणाले की तसे करता येत नाही, कारण गुण संगणकाने मोजून लिहायचे असतात. चिमणीने थोडा विचार केला. ती भांडत नव्हती. समजून घेत होती, आणि समजून घेणारे मूल शिक्षकाला फार अवघड जाते.

‘पिल्लूचे दहा खरे नाहीत, ते तुम्ही लिहिलेत. माझे खरे आहेत, तुम्ही पाहिलेत, ते नाही लिहायचे?’

सरांनी खिडकीबाहेर पाहिले. त्यांनी चिमणीचे नाव लिहिले आणि पुढे एकेचाळीस लिहिले. लिहिताना त्यांना दोन्हीकडून वाटत होते: बरोबर केले असेही आणि गाढवपणा केला असेही. पुढे दोन्ही खरे ठरले.

दुसऱ्या दिवशी खेळ सुरू होताच चिमणी पहिली दिसली. तिला कुणी खेळताना पाहिले नव्हते. कॅप्टनने घरी सांगितले, आणि संध्याकाळी वकीलबाई आल्या. वकीलबाई आवाज चढवत नसत. त्या सोफ्यावर बसल्या, काकूंनी दिलेले पाणी घेतले आणि म्हणाल्या की तक्रार अशी काही नाही, फक्त प्रक्रिया समजून घ्यायची आहे. नोंद कुणी केली? कशाच्या आधारे? इतर खेळाडूंना हरकत घ्यायची संधी दिली होती का? आणि पिल्लूचे काल नऊ होते, आज दहा कसे? नवाचा फोटो काकांनी सगळ्या इमारतीला पाठवलेला आहे.

सर म्हणाले, ‘एक गुण मी दिला.’

‘कुठल्या नियमानं?’

सरांना मंडळाचा नियम क्रमांकासह आठवत होता. तो अंड्यांना लागू होत नव्हता.

बातमी जिन्याने खालीही गेली आणि वरही. काही पालकांनी फेरतपासणी मागितली. एका आईचे म्हणणे होते की तिच्या मुलीचे शेवटचे अंडे टोपलीच्या काठाला लागले होते, तेव्हा अर्धा गुण द्यावा. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी सुचवले की फाइलीला कुलूप घाला. घरोघरी कॅमेरे बसवून देणाऱ्या शेजाऱ्याने कॅमेरा सुचवला. बँकवाले काका, ज्यांच्या नातवाला वाढीव गुण मिळाला होता, ते सगळ्यांत जास्त चिडले. न मागता दिलेली मदत त्यांच्या घराण्याला चालत नव्हती. त्यांनी सांगितले की बँकेत लिहिणारा वेगळा असतो आणि तपासणारा वेगळा, आणि तुम्ही सर, दोन्ही खुर्च्यांवर बसलात. कमिटीची सभा बोलावली गेली. फलकावर विषय लागला: ‘अंड्यांबाबत.’ तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना वाटले, कुणीतरी कचऱ्यात टरफले टाकतो आहे. त्या तयारीनिशी आल्या आणि शेवटपर्यंत त्याच विषयावर बोलल्या.

सभेत सर मधल्या खुर्चीवर बसले होते. आयुष्यभर ते टेबलाच्या अलीकडे बसले होते; पलीकडून टेबल एवढे रुंद दिसते याची त्यांना कल्पना नव्हती. सभेने ठरवले की रविवारी सकाळी, कमिटीच्या ऑफिसातल्या संगणकावर, सगळ्यांसमोर प्रत्येकाने एकदाच खेळायचे. संगणक लिहील तोच गुण. एकदा नोंद झाली की ती कुणीही, कोणत्याही कारणासाठी बदलायची नाही. हा शेवटचा नियम वकीलबाईंनी सांगितला, काकांनी लिहून घेतला आणि विमा एजंटनी त्याला जोरदार अनुमोदन दिले. आपल्या मुलीचे नाव या भानगडीत यावे हे त्यांना मुळीच आवडले नव्हते. ‘आमच्या घरात कुणी असं मागून घेत नाही,’ ते म्हणाले. ‘दादाला विचारा.’

चिमणी दाराशी उभी होती. सरांनी तिच्याकडे पाहिले, तर ती आपल्या चपलेच्या पट्ट्याकडे पाहत होती. सरांच्या मनात आले, मुलीला पहिल्यांदा काहीतरी मिळाले होते, आणि आपण मदतीच्या भरात तिला खोटे पाडून ठेवले.

रविवारी ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. सरांनी खेळ पेनड्राइव्हवर घेतला होता, ऑफिसच्या संगणकात घातला आणि सुरू केला. पडद्यावर कोंबडी आली नाही. लाल अक्षरांत चार ओळी आल्या.

सरांनी खेळ आणला होता, गुणांची फाइल घरी राहिली होती. खेळ उठल्याबरोबर आधी ती वाचायला गेला, ती कुठे सापडेना, आणि हात-पाय गाळून बसला. वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, ‘म्हणजे मूळ दस्तऐवजच नाही.’ बँकवाले काकांनी कपाळाला हात लावला. काकू मागून म्हणाल्या की नाहीतरी दूध आणायला गेले तर पिशवी घरीच असते.

मागे मुले दाटीवाटीने उभी होती, आणि मुले पाठीशी असली की सरांना फळ्यासमोर असल्यासारखे वाटे. त्यांनी विचारले, ‘फाइल सापडली नाही, तर खेळानं काय करायला हवं?’ मुले म्हणाली, नवीन करायची. ‘नवीन फाइलीत काय असेल?’ कॅप्टन म्हणाला, काहीच नाही. ‘मग कुणाचे किती गुण?’

‘कुणाचेच नाहीत,’ चिमणी म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

सरांनी दोन ओळी वाढवल्या: फाइल नसेल तर कोरी करून घे. कोंबडी पडद्यावर आली. विमा एजंट शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, किटली का दाखवतायत?

एकेक मूल बसले. पिल्लूला बटणे दाखवली; त्याने जीभ बाहेर काढून, कुणाचीही मदत न घेता, अकरा अंडी झेलली. काकांनी फोन बाहेर काढला, मग सभोवार पाहून परत खिशात ठेवला. कॅप्टनची पंचवीस झाली. मग चिमणी.

तिचे वडील पुढे येऊन उभे राहिले. सरांना वाटले, आता हिला पुन्हा एकेचाळीस जमली तर सगळ्यांची तोंडे बंद होतील. ते मनातल्या मनात टोपली सरकवू लागले. चौदाव्या अंड्याला एक फुटले, विसाव्याला दुसरे. तेवीस झाली आणि तिसरे टोपलीच्या शेजारी पडले. फाइलीत ओळ उमटली: चिमणी, तेवीस. यादीत दुसरी.

खोलीत थोडी कुजबुज झाली. तेवीस म्हणजे एकेचाळीस नव्हेत. पण तेवीस झेलणारी मुलगी एकेचाळीस झेलूच शकणार नाही, असेही आता कुणी म्हणेना. वकीलबाईंनी कॅप्टनकडे पाहिले, आणि कॅप्टन म्हणाला, ‘चांगली खेळते ती.’

प्रकरण एवढ्यावर मिटले असते. पण विमा एजंटना वाटले की घराण्याची बाजू जरा लंगडी पडली. त्यांनी मागे वळून हाक मारली, ‘दादा, बस रे एकदा. दाखव.’

दादा यापूर्वी हा खेळ कधी खेळला नव्हता. लहान मुलांचा खेळ म्हणून. तो हसत हसत येऊन बसला. नाव लिहिले, अक्षरे एकाच हाताने टाइप केली. कोंबडी फिरू लागली. पहिली चार अंडी त्याने अगदी रुबाबात झेलली. पुढची तीन डावीकडे पडली आणि टोपली उजवीकडे होती.

फाइलीत ओळ उमटली: दादा, चार.

‘हा सराव होता,’ दादा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. ‘हे धरू नका.’

विमा एजंटनीही मान हलवली. मुलगा पहिल्यांदाच बसला होता, बटणे सापडली नाहीत, हे सराव म्हणूनच धरायला हवे. वकीलबाईंनी चष्मा वर सरकवला आणि नियम वाचून दाखवला: कुणीही, कोणत्याही कारणासाठी. काका म्हणाले, एकदा नोंद झाली की झाली. बँकेत तर याहून कडक असते. मग विमा एजंट सरांजवळ आले आणि आवाज खाली करून म्हणाले, ‘सर, अहो पाच-सहा वाढवून निदान दहा तरी करा. पिल्लूला दिलातच की.’

सरांचा उजवा हात टेबलावर होता. चाराच्या पुढे शून्य घालून चाळीस करणे नव्हे, नुसते दहा. काठावरचे पोर, कान लाल झालेले, सगळ्या इमारतीसमोर. त्या हाताला असली पोरे फार ओळखीची होती. सरांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

‘नाही,’ ते म्हणाले. ‘पिल्लूला दिला तो मी चुकलो. एका गुणाच्या दयेनं बघा केवढं रामायण झालं.’ मग सगळ्यांना ऐकू जाईल असे ते म्हणाले, की चिमणीने एकेचाळीस झेलली होती. मी पाहिली. हाताने लिहिली ती चूक माझी, तिची नव्हे. पुरावा माझ्याकडे नाही. ज्याला पटेल त्याला पटेल.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या की टरफलांचे मात्र अजून कुणी काही बोलले नाही. सभा संपली.

घरी परतताना चिमणी सरांच्या मागोमाग वर आली. सरांनी संगणक उघडला. घरची जुनी फाइल तशीच होती. वर एकेचाळीस, खाली कुठेतरी पिल्लूचे दहा. आता ऑफिसातली नवी फाइल इथे आणायची, तर जुन्या नोंदी ठेवायच्या की टाकायच्या, हे त्यांनी तिलाच विचारले. स्वतःच्या मताने ते म्हणाले, की एकेचाळीस ठेवू या, खरे आहेत ते.

चिमणीने बराच वेळ त्या ओळीकडे पाहिले.

‘हे तुम्ही लिहिलंय सर,’ ती म्हणाली. ‘तेवीस त्यानं लिहिलेत.’ आणि तिने एकेक अक्षर मागे घेत आपले एकेचाळीस स्वतः पुसले. मग विचारले, ‘तेवीस उद्या असतील ना?’

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. खेळली नाही, फक्त यादी उघडून पाहिली आणि पाणी प्यायला आत गेली. तेवीस होते. त्यानंतरच्या दिवशीही होते.

पण वर्गात त्या आठवड्यात खरी गर्दी झाली ती दादाची. तो रोज येऊ लागला. चपला जोडीने काढी, लहान मुलांच्या रांगेत उभा राही आणि ओठ चावून अंडी झेली. त्याला एकच करायचे होते: त्या चारावर मोठा आकडा लिहून तो झाकायचा. पण ए हा संसारी गृहस्थ. आधीचे काही टाकत नसे. चाराच्या वर दादाचे सात आले, मग सहा, मग नऊ, मग पुन्हा पाच. यादीचा खालचा अर्धा भाग हळूहळू दादाचाच झाला. दहा वेळा नाव, पण तेवीसच्या वर एकदाही नाही.

एका दुपारी सरांनी सगळ्यांना जवळ बसवले आणि पुढचा धडा काढला. म्हणाले की आता फाइल फार लांबत चालली आहे. प्रत्येक खेळाडूचा फक्त सर्वांत चांगला गुण ठेवायचा आणि बाकीच्या ओळी काढून टाकायच्या, हे काही अवघड नाही. आज तेवढे शिकून घेऊ. दादाने ताडकन वही उघडली.

चिमणीने हात वर केला.

‘सर,’ ती म्हणाली, ‘हा धडा पुढच्या सुट्टीत घेतला तर नाही का चालणार?’

सरांनी आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून धडा पुढे ढकलला नव्हता. शाळा तपासनीस वर्गात येऊन बसले तरी नाही, काकूंनी जेवायला तीनदा बोलावले तरी नाही. त्यांनी यादीकडे पाहिले, दादाकडे पाहिले, आणि मग चिमणीकडे पाहिले. ती हसत होती.

‘चालेल,’ सर म्हणाले. ‘आज कोंबडीचे पाय नीट करू.’